‘जड’ सिनेमा कुणाला नको असतो?

शुक्रवारी नवा मराठी सिनेमा लागला की शनिवारी संध्याकाळपर्यंत घराघरांत त्याचा निकाल लागलेला असतो. तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर लागतो : ‘रडका आहे का?’ उत्तर ‘हो’ असं आलं की पुढचं संभाषण ठरलेलं. ‘नको रे बाबा. रोजची कटकट काय कमी आहे? त्यात पैसे मोजून आणखी डोक्याला ताप कोण करून घेईल?’ कुणी जरा सौम्यपणे म्हणतं, ‘चांगला असेल, पण जड आहे म्हणे. मोबाइलवर आला की बघू.’ आणि मग तो मोबाइलवर आल्यावरही बघायचा राहून जातो. निर्माते, वितरक, थिएटरमालक या सगळ्यांनी हे ऐकून एक पक्का सिद्धान्त करून ठेवला आहे : पब्लिकला दुःख नको असतं.

मराठी प्रेक्षकाचा शंभर वर्षांचा इतिहास या सिद्धान्ताला अजिबात दुजोरा देत नाही.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. नाटककार राम गणेश गडकरी त्याच्या महिनाभर आधीच गेले होते. दारूपायी सुधाकर हा हुशार वकील आणि त्याचं अख्खं घर धुळीला मिळतं, शेवटी त्याची बायको सिंधूही जाते आणि सुधाकरही जातो, असं हे नाटक. बालगंधर्वांची सिंधू बघायला लोक पुन्हापुन्हा गेले आणि पुन्हापुन्हा रडले. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’त म्हातारा बिजवर तरुण बायकोला मोकळं करण्यासाठी स्वतःचा जीव देतो, तोही चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यातली आई शेवटी जाते, हे साने गुरुजींचं पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं, तरीही लोक गेले. १९९१चा ‘माहेरची साडी’ आठवणाऱ्यांना थिएटरातले हुंदकेही आठवतात. २००४ साली ‘श्वास’ आला. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार आहे, हे आजोबांना कळतं आणि शस्त्रक्रियेच्या आधी ते त्याला घेऊन रुग्णालयातून गुपचूप बाहेर पडतात, जग एकदा डोळे भरून दाखवायला. या सिनेमाची भारतातर्फे ऑस्करसाठी निवड झाल्यावर त्याच्या प्रचारासाठी महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांनी पदरचे पैसे काढून दिले. १ जानेवारी २०१६ला, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, बेघर झालेल्या म्हाताऱ्या नटाची शोकांतिका, ‘नटसम्राट’, बघायला महाराष्ट्रभर रांगा लागल्या होत्या.

हा काही दुःखापासून पळणारा प्रेक्षक नव्हे.

मग ‘जड’ म्हणून नाक मुरडलं जातं ते नेमकं कशाला? वरच्या यादीतले चित्रपट पुन्हा पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात रडायला जागा आहे आणि रडून झाल्यावर घरी जायलाही वाट आहे. दोषी कोण ते स्पष्ट असतं : दारू, सावत्र आई, कृतघ्न मुलं, नशीब, आजार. आपण पीडिताच्या बाजूला बसून अश्रू ढाळतो आणि बाहेर पडताना थोडे हलके झालेलो असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. ‘श्वास’मधले आजोबा ज्या हिमतीने ती वेळ निभावतात, ती पाहून माणसाला बळ येतं, आणि बळ देणं हे सिनेमाचं मोठंच काम आहे.

दुसरीकडे, ज्या घरात ‘जड नको’ म्हणतात त्याच घरात रात्री साडेअकराला खुनाच्या तपासाची मालिका चालू असते. ‘सेक्रेड गेम्स’, ‘पाताल लोक’ यांतली हिंसा अंगावर काटा आणणारी आहे. त्या मालिका लोकांनी एका बैठकीत आठ-आठ भाग बघून संपवल्या. म्हणजे रक्त, मृत्यू, क्रौर्य हेही चालतं. ते करणारा माणूस आपल्या ओळखीतला नसला म्हणजे झालं. नकोसं होतं ते वेगळंच : ज्या अंधारात आपलंच घर, आपलीच गल्ली, आपलाच वर्ग दिसू लागतो तो अंधार. ‘डिप्रेसिंग आहे’ हा शेरा सर्वांत जास्त वेळा अशा चित्रपटांच्या वाट्याला येतो, आणि म्हणूनच तो शेरा तपासून घ्यायला हवा.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातला शाळकरी जब्या, त्याला आवडणारी वरच्या जातीतली शालू, आणि मुलगी वश करायला लागणारी काळी चिमणी. चिमणी जाळून तिची राख शालूवर टाकायची, असा त्याचा बेत. पूर्वार्धात थिएटर हसत असतं. जब्याला जीन्सची पँट हवी आहे, जत्रेत नाचायचं आहे, आपल्या नाकाबद्दल त्याला चिंता आहे. आणि मग गावात सुटलेली डुकरं पकडायचा हुकूम जब्याच्या बापावर होतो. सगळं कुटुंब कामाला लागतं, गावकरी कडेला बसून मॅच बघावी तशी मजा बघतात, टोमणे मारतात. त्या बघ्यांत जब्याचे वर्गमित्र असतात आणि शालूही असते. तिला आपण दिसू नये म्हणून जब्या लपतो, बापाचा मार खातो. ऐन मोक्याच्या क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या ताठ उभा राहतो, त्याला बघून बापही थांबतो, आणि डुक्कर निसटतं. अखेर पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं. शेवटी चिडून जब्या दगड उचलतो, भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

किशोर कदम यांनी उभा केलेला बाप, कचरू, हा या भागाचा कणा आहे. तो मुलाला मारतो तेव्हा त्याच्यावर राग येत नाही. आयुष्यभर मान खाली घालून जगलेल्या माणसाला मुलाने मान वर केलेली परवडत नाही, एवढंच दिसतं.

या शेवटावर प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. ‘सिनेमा अर्धवट सोडला’, ‘आता असं कुठे राहिलंय?’ असं म्हणणारे एका बाजूला. ‘हे आमच्या शाळेतलं आहे’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघांनी तिकीट सारखंच काढलं होतं. फरक इतकाच की तो दगड कुणाला आपल्याकडे येताना दिसला आणि कुणाला आपल्या हातून सुटताना. ‘आता असं कुठे राहिलंय?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला वास्तवाने फार वेळ घेतला नाही. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात १७ वर्षांच्या दलित मुलाला मुलीशी बोलतो या संशयावरून हाल करून मारण्यात आलं. ‘फँड्री’ लागून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

मंजुळे यांचाच ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला आला आणि ‘पब्लिकला दुःख नको असतं’ हा सिद्धान्त त्याने तिकीटबारीवरच मोडीत काढला. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. लोक ‘झिंगाट’वर खुर्च्यांपुढे नाचले आणि तासाभराने त्याच खुर्च्यांत गप्प झाले. हैदराबादच्या छोट्या घरात पाटलाची मुलगी आर्ची आणि तिच्याबरोबर पळून आलेला खालच्या जातीतला परश्या यांचा संसार बसलेला असतो. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. आर्ची त्यांना आत घेते, चहा ठेवते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लहान मूल परत येतं, आत जातं, रडत बाहेर येतं, आणि फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज नाही, संगीत नाही. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी अडीच तास भरून टाकलेला सिनेमा इथे पूर्ण मुका होतो.

‘शेवट असा का केला? त्यांना जगू द्यायला काय झालं होतं?’ ही तक्रार तेव्हा हजारो लोकांनी केली. ती मनापासूनची होती. आर्ची-परश्या आपलेच झाले होते, म्हणून तर ती आली. पण या तक्रारीप्रमाणे शेवट बदलला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधायची गरज नाही. दोन वर्षांनी, जुलै २०१८मध्ये, हिंदीत ‘धडक’ आला. कथा उदयपूरला गेली, जातीचा प्रश्न उल्लेखापुरता उरला, नायिका वाचली, नायक आणि मूल गेलं. मृत्यू त्यातही आहे, क्रौर्यही आहे. तरी ‘धडक’चा शेवट हा केवळ धक्का ठरतो, कारण तो कुठून आला हे सिनेमा सांगतच नाही. ‘सैराट’मध्ये ते सांगायला वर्गातली एक थोबाडीत पुरते : नव्या दलित मास्तरांनी फोनवर बोलणाऱ्या प्रिन्सला, आर्चीच्या भावाला, टोकलं म्हणून तो त्यांच्याच मुस्कटात मारतो आणि गावात कुणी ब्र काढत नाही, उलट पाटील मुलाचं कौतुक करतात. शेवटच्या खोलीतला सुरा त्या वर्गातून आलेला आहे. सुखान्त केला असता तर ती थोबाडीत प्रेक्षक विसरून गेला असता.

असं असलं तरी प्रेक्षकांच्या सगळ्या तक्रारी झटकून टाकाव्यात असं मुळीच नाही. ‘पुरस्कारासाठी दुःख दाखवतात’ हा आरोप बऱ्याचदा खरा असतो. कर्जबाजारी शेतकरी, दारुडा नवरा, आजारी मूल, तडकलेली जमीन, पाठीमागे सारंगी. पहिल्या दहा मिनिटांत कळतं की या माणसांचं काहीही भलं होऊ द्यायचं नाही असं दिग्दर्शकाने ठरवलं आहे. ती माणसं हसत नाहीत, भांडत नाहीत, कुणाची चेष्टा करत नाहीत, त्यांना कशाची हौस नाही. खऱ्या गरीब घरात यातलं सगळं असतं. निव्वळ सोसण्यापुरती उभी केलेली माणसं पडद्यावर दाखवणं हा त्या माणसांवरही अन्याय आहे आणि प्रेक्षकावरही. जब्याला जीन्सची पँट हवी असते, म्हणून त्याचा अपमान आपल्याला लागतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आहे. २०१४मध्ये व्हेनिसला गौरव, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, एप्रिल २०१५मध्ये थिएटरात. त्याच्याबद्दलची ठरलेली तक्रार : ‘काही घडतच नाही.’ गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो. त्याला एका म्हाताऱ्या शाहिराच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा खटला उभा राहतो. वीरा साथीदार यांनी केलेला हा शाहीर तुरुंगात जातो, सुटतो, पुन्हा जातो. सिनेमा मात्र मधूनच खटला सोडून वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई लोकलमध्ये मैत्रिणीशी साडीविषयी आणि खाण्याच्या तेलाविषयी बोलतात, घरी येऊन स्वयंपाकाला लागतात, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर मराठी नाटकाला जातात. न्यायाधीश एका बाईची सुनावणी पुढे ढकलतात, कारण तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे. यातलं कुणीही दुष्ट नाही. उद्या शेजारी राहायला आली तर चांगले शेजारी ठरतील अशी ही माणसं. आणि त्यांच्या नेहमीच्या, चारचौघांसारख्या दिवसांतून एका निरपराध माणसाचं आयुष्य वाया जातं. हा मराठीतला सर्वांत अंधारा सिनेमा म्हणावा लागेल. त्यात ना रक्त आहे ना आक्रोश. खलनायक नसल्यामुळे प्रेक्षकाला राग काढायला जागाच मिळत नाही, आणि मग तो ‘कंटाळवाणा’ असा शेरा मारून मोकळा होतो. ‘कोर्ट’मध्ये काही घडत नाही हे म्हणणं चुकीचं आहे. त्यात जे घडतं ते आपल्याला रोज घडताना दिसतं, म्हणून ते लक्षात येत नाही.

दुःख पाहून माणसाला समाधान का मिळतं, हा प्रश्न मराठीत जुना आहे. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती : वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो आणि त्याच वेळी स्वतःचं भानही राखून असतो, त्या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाले. अलीकडे हा प्रश्न प्रयोगशाळेतही गेला आहे. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना एका बेघर, व्यसनग्रस्त माणसाची शोकांतिका एकत्र बसवून दाखवली आणि इतरांना साधे माहितीपट. शोकांतिका पाहून ज्यांच्या भावना हलल्या, त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांबद्दल त्यांना अधिक जवळीक वाटली. सगळ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही, हेही त्या प्रयोगातच दिसलं. ‘जड सिनेमा मोबाइलवर बघू’ असं म्हणणाऱ्यांनी यातली एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. एकट्याने, मधेमधे थांबवून, भाजी फोडणीला टाकता टाकता पाहिलेला ‘सैराट’चा शेवट आणि पाचशे माणसांबरोबर श्वास रोखून पाहिलेला शेवट हे दोन निरनिराळे अनुभव आहेत.

काही जणांनी असे चित्रपट न पाहिलेलेच बरे, हेही तितकंच खरं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल, कुणी कर्करोगाशी झगडत असेल, स्वतःचंच मन थाऱ्यावर नसेल, तर ‘सध्या नको’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्याला कुणी पळपुटेपणा म्हणू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’मध्ये नैराश्य असे विषय घेतले. मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे हे चित्रपट घेऊन ठिकठिकाणी फिरले आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी बोलत राहिले. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या ‘कासव’ला थिएटरांत जेमतेम जागा मिळाली, पण अशा खेळांमधून त्याला त्याचा प्रेक्षक भेटला. आईवडिलांचा विसराळूपणा हा आजार आहे हे ज्यांना सिनेमा पाहून कळतं, त्यांना लगेच काहीतरी विचारायचं असतं. दिवे लागताच त्यांना दाराबाहेर काढणं योग्य नाही.

आणखी एक तक्रार रास्त आहे : फसवून थिएटरात बसवल्याची. ‘फँड्री’च्या जाहिरातीसाठी अजय-अतुल यांचं एक गाणं केलं होतं. ते गाजलं, पण चित्रपटात ते नव्हतं. ‘सैराट’ची गाणी ऐकून मुलाबाळांना घेऊन गेलेल्या पालकांना शेवटच्या दृश्यात मुलांचे डोळे झाकावे लागले. लोकांना थिएटरपर्यंत आणण्यासाठी निर्मात्याला गाण्याचा आधार घ्यावा लागतो हे समजण्यासारखं आहे, आणि शेवट आधी सांगून टाकावा असंही कुणी म्हणणार नाही. मात्र लहान मुलांना आणू नका, एवढी सूचना जाहिरातीत ठळक देणं काही अवघड नाही. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रात आता ७, १३ आणि १६ वर्षं असे वयोगट आले आहेत. ते तिकिटावर आणि पोस्टरवर वाचता येतील अशा अक्षरात छापावेत.

सर्वांत मोठी अडचण मात्र प्रेक्षकाच्या आवडीनिवडीत नसून खेळाच्या वेळेत आहे. २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी ही वेळ संध्याकाळी सहा ते नऊ अशी सांगितली गेली, मग गदारोळ झाला आणि ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. त्या व्याख्येत मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळही बसतो. नोकरी करणारा माणूस त्या खेळाला येत नाही, खुर्च्या रिकाम्या राहतात, पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरतो आणि ‘प्रेक्षकांनी नाकारला’ अशी नोंद होते. गंभीर चित्रपटाची जाहिरात लोकांच्या तोंडूनच होते आणि तिला आठ-दहा दिवस लागतात. तोवर चित्रपट थिएटरात असावा तर लागतो. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मार्च २०२५मध्ये लागला. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं पाटावर बसवल्या जाणाऱ्या विदर्भातल्या सविताची ही गोष्ट. चित्रपटाचं पहिलंच दृश्य असं आहे की बायका मिळून एका मुलाला बघायला बसल्या आहेत आणि त्याला रंग, उंची, शिक्षण विचारताहेत. सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवणारा रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. दोन्ही चित्रपटांतली घरं ही आपल्या नात्यागोत्यातलीच आहेत. हे चित्रपट पुण्या-मुंबईबाहेर, संध्याकाळी सातच्या खेळाला, सलग दोन आठवडे पाहायला मिळाले असते तर त्यांच्याबद्दल मराठी प्रेक्षकाचं मत काय झालं असतं हे खऱ्या अर्थाने कळलं असतं.

तेव्हा थिएटरमालकांकडे मागणी इतकीच : गंभीर मराठी चित्रपटाला संध्याकाळचा एक खेळ द्या आणि तो दोन आठवडे टिकवा. वाचकांना विनंती अशी की पुढच्या वेळी असा सिनेमा लागला की ‘रडका आहे का?’ असं विचारण्याऐवजी त्यातली माणसं खरी वाटतात का, ते विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पहिल्याच आठवड्यात थिएटरात जाऊन बघा. नाही आवडला तर तसं स्पष्ट सांगा, शेवट पटला नाही तर का पटला नाही तेही सांगा. दिग्दर्शकांना ते ऐकायला हवं आहे. पण मत द्यायचं ते सिनेमा बघून द्या.